चौदा हात

प्रिय गड्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फाडशील अशी मला शंका होती, म्हणून पत्ता सूनबाईकडून लिहून घेतला. बघ, नऊ वर्षांनी पत्र लिहितोय आणि सुरुवातच लबाडीने. पण आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मध्ये शिव्या द्याव्याशा वाटतील, त्या मनमोकळ्या दे, फक्त कागद हातातून सोडू नकोस. साहेबांच्या केबिनमध्ये त्या दिवशी मी तुझ्याबद्दल जे बोललो, त्याबद्दलच लिहायचंय. "बायको आजारी पडल्यापासून त्याचं कामात लक्ष नाही, तो कप तपासत नाही, वाजवत बसतो," असं मी म्हणालो होतो. तुला काढून टाकल्याच्या कागदावर ते जवळजवळ तसंच उतरलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं. आता का वाटत नाही, ते सांगायला जरा लांबचा वळसा घ्यावा लागेल.

ही गेल्यापासून मी मुलाकडे राहतो. ही गेली तेव्हा तू आला नाहीस, आणि मी तुझी वाटही पाहिली नाही. वहिनी मात्र आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत, हात जोडून परत गेल्या. मला वाटलं, माझी कशी जिरली ते बघायला आल्या असतील. माझा स्वभाव तुला नवा नाही. पुढे मी घरात फारसा बोलेनासा झालो. चौघांत बसलो की हे लोक माझ्याबद्दलच काहीतरी पुटपुटतायत असं वाटायचं. टीव्हीच्या आवाजावरून रोज कटकट व्हायची. मुलगा म्हणायचा कमी करा, मी म्हणायचो की हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात त्याला मी काय करू. मग एक दिवस सूनबाई कामावरून येताना एक पत्रक घेऊन आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिथे कुणीतरी ठेवलं होतं. दर शनिवारी सकाळी दहाला, सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, ड्रम सर्कल. गोल करून बसायचं आणि ड्रम बडवायचे. मन हलकं होतं, माणसं जोडली जातात, वाजवता येण्याची गरज नाही, प्रवेश मोफत. मोफत हा शब्द वाचला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात सूनबाईने मला न विचारता माझं नावही देऊन टाकलं होतं.

मी सरळ निष्कर्ष काढला की यांना शनिवारी सकाळी मी घरात नको आहे. माझी खोली कुणाला तरी दाखवायची असेल, नाहीतर माझ्या कपाटातले कागद चाळायचे असतील. म्हणून पहिल्या शनिवारी निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो, दहा मिनिटं थांबलो आणि चष्मा विसरल्याचं निमित्त करून परत आलो. मुलगा सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपला होता आणि सूनबाई वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापत होती. चष्मा माझ्या नाकावरच होता, हे तिने दाखवून दिलं. मग मुकाट्याने जावं लागलं.

वरच्या मजल्यावर पुस्तकांची जुनी कपाटं भिंतीला सरकवून मधली जागा मोकळी केली होती. चौदा खुर्च्या गोलात, प्रत्येकीसमोर एक ड्रम, कुणाचा मोठा, कुणाचा गुडघ्यात धरायचा. शिकवणाऱ्या बाई पूर्वी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होत्या. आखूड पांढरे केस, आणि बोलताना समोरच्याकडे तोंड करून सावकाश बोलायची सवय. मला वाटलं, हिला काहीतरी विकायचंय. दारात एक फॉर्म भरायला दिला, त्यात फोन नंबर मागितला होता. मी शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले. सगळे हसून स्वागत करत होते, आणि इतकी माणसं एकदम खूश दिसली की मला कुठेतरी पाणी मुरतंय असंच वाटतं. ड्रम विकायचे असतील म्हणून मी माझा ड्रम उलटा करून खाली किमतीची चिठ्ठी आहे का ते पाहिलं. शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर होता, तो म्हणाला, "काका, मीपण पहिल्या दिवशी हेच केलं होतं." हा त्यांचाच माणूस असणार, नवख्याला बोलतं करायला शेजारी बसवलेला, अशी मी मनात नोंद केली.

पण एक कबूल करतो. ड्रमचा आवाज मला आवडला. जमिनीतून पायात यायचा, पायातून पोटात. बऱ्याच दिवसांत कुठलाही आवाज मला इतका स्वच्छ मिळाला नव्हता. बाई मध्ये उभ्या राहून हाताने खुणा करायच्या, जोरात, हळू, थांबा, आणि आम्ही त्याप्रमाणे वाजवायचो. समोर बसणारी नर्स एकदा वाजवता वाजवता ढसाढसा रडायला लागली आणि वाजवतच राहिली. नाटक करतेय असं मला वाटलं. घरी येऊन सूनबाईला तसं म्हणालोही, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला जगात कुणी खरं रडलेलं दिसलंय का कधी?" मी टीव्ही लावला. पण पुढच्या शनिवारी साडेनऊलाच तयार होऊन बसलो.

तर आता मुद्द्यावर येतो. दर वेळी शेवटी बाई एक खेळ घ्यायच्या. लोखंडी सळी वाकवून केलेला एक त्रिकोण त्यांच्याकडे होता, दोऱ्याला टांगलेला. सगळ्यांनी डोळे मिटायचे. बाई त्रिकोणावर एक ठोका देणार. आवाज ऐकू आला की हात वर करायचा, आणि तो पूर्ण विरेपर्यंत खाली आणायचा नाही. मन शांत होतं म्हणे. आता ठोका, आवाज, कान हा तर माझा जन्माचा धंदा. आपण वीस वर्षं दुसरं काय केलं? टेबलाच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये भट्टीतून आलेल्या कपांचे ट्रे. लाकडी दांडीने काठावर एक टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर केसाएवढा का होईना तडा आहे, टाक बाजूला. मला वाटलं, आज या मंडळींना कळेल कान कशाला म्हणतात. ठोका पडला, मी हात वर केला, आवाज गेला, हात खाली घेतला. मग माझ्या सवयीप्रमाणे एक डोळा किलकिला करून पाहिलं. सगळ्यांचे हात अजून वर होते.

ढोंगी आहेत एकजात, असं मी मनात म्हणालो. बाईंना खूश करायला हात वर धरून बसलेत, म्हणजे किती शांत झालो ते दिसावं. पुढच्या शनिवारी मी मनात आकडे मोजले. माझा आवाज दोनला संपला, यांचे हात चौदा-पंधरापर्यंत वर. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. तेव्हा मी ठरवलं की यांचं पितळ उघडं पाडायचंच. चौथ्या शनिवारी मी बाईंना म्हटलं, आज ठोका मी देतो. त्या आनंदाने तयार झाल्या आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसल्या. माझा बेत असा होता की दांडी नुसती त्रिकोणाजवळ न्यायची, टेकवायची नाही. चार-सहा हात तरी वर येतील, मग मी म्हणेन, उघडा डोळे आणि बघा स्वतःची सोंगं.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी दांडी हवेतच फिरवली. एकही हात हलला नाही. वाटलं, सावध आहेत. पुन्हा फिरवली. पुन्हा काही नाही. मग म्हटलं, आता खरोखर पण अगदी हलका ठोका देऊ. दांडी टेकली, पण ती बहुतेक घसरली असावी, कारण आवाजच झाला नाही. मी दुसऱ्यांदा द्यायला हात उचलला, आणि समोर बघतो तर हात वर गेलेले. चौदा माणसं, चौदा हात. बाईंचा, नर्सचा, बस ड्रायव्हरचा, सगळ्यांचे डोळे गच्च मिटलेले. दोरा माझ्या बोटांत थरथरत होता ते मला जाणवत होतं. ऐकू येत होती फक्त पंख्याची घरघर. मग एकेक हात खाली यायला लागला, सगळ्यात शेवटी नर्सचा. एवढा वेळ त्या खोलीत एक आवाज होता, तो मी माझ्या हाताने केला होता, आणि मला सोडून तो सगळ्यांकडे होता. निघताना बाईंनी एका चिठ्ठीवर कान तपासायच्या दवाखान्याचा पत्ता लिहून माझ्या हातात ठेवला. यांचं तिथे कमिशन असणार, हा विचार तेवढ्यातही माझ्या डोक्यात आला.

घरी आलो आणि स्वयंपाकघरात शिरलो. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने आपल्याच कारखान्याचे सहा कप दिले होते, ते मी जपून वापरतो. त्यातल्या एकाला तडा गेला म्हणून सूनबाईने तो बाजूला ठेवला होता. मी तिला म्हटलं, मी पाठ करून बसतो, तू चमच्याच्या दांड्याने एकेक वाजव, मी सांगतो. तिने वाजवला, मी म्हटलं चांगला. पुन्हा वाजवला, चांगला. तिसऱ्यांदाही चांगला. चौथी टिचकी आली नाही. वळून पाहिलं तर तिच्या हातात तडा गेलेलाच कप होता, तिन्ही वेळा तोच. मग तिने माझ्यासमोर तो आणि एक धडधाकट कप आळीपाळीने वाजवले. मला दोन्ही सारखेच, नुसतं टक, टक. मी विचारलं, तुला फरक कळतो का? ती हळूच म्हणाली, "बाबा, कुणालाही कळेल."

दवाखान्यात एका काचेच्या पेटीत बसवून कानाला यंत्र लावलं. तपासणाऱ्या मुलीने कागद दाखवला. त्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत नीट चालत होती आणि पुढे जिना चुकल्यासारखी खाली गेली होती. जाड आवाज ठीक आहेत, बारीक आवाज गेले, म्हणाली. कामाचं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की कप तपासायला बसायच्या आधी बारा वर्षं माती दळायच्या खात्यात, यंत्रांच्या गडगडाटात होतो. तिने मान हलवली. म्हणाली, "हे काही आत्ताचं नाही काका, पंधरा वर्षं तरी झाली असतील. हळूहळू जातं, माणसाला पत्ता लागत नाही." यंत्र बिघडलं असेल म्हणून मी दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथेही तीच रेघ आणि तेच पंधरा. पंधरातून नऊ वजा करायला मला काही कागद-पेन्सिल लागली नाही.

आणि मग गड्या, तू मला दिसायला लागलास. मी पास केलेल्या ट्रेवर टेबलापलीकडून वाकून दोन दांड्यांनी ताल धरणारा तू. इकडून तिकडे टकटकटक वाजवत जायचास, मान तिरकी करून. मध्येच एखादा कप उचलायचास आणि म्हणायचास, "हा मला आवडला, मी नेतो." तो तुझ्या नापास कपांच्या पेटीत जायचा. मला वाटायचं, हा स्वतःचा नापासांचा आकडा फुगवतोय, साहेबांच्या नजरेत भरायला. सहा वर्षं मी हे बघितलं आणि सहा वर्षं मनात धुमसलो. शेवटी तक्रार केली, कामाच्या वेळेत वाजवत बसतो आणि माझ्या ट्रेला हात लावतो अशी. साहेबांनी आपली टेबलं हॉलच्या दोन टोकांना लावली. पास केल्याचा शिक्का मात्र दोघांत एकच राहिला. दोन महिन्यांत हॉटेलवाल्यांच्या पेट्या परत आल्या. एका कपाचा कान हातात राहिला आणि तिथल्या वाढणाऱ्या बाईचा हात गरम चहाने भाजला. कुणाचा कप ते शिक्क्यावरून सांगता येत नव्हतं. मग साहेबांनी आपल्याला एकेकाला आत बोलावलं.

तू वाजवत नव्हतास. मी सोडलेले तडे तू वेचत होतास. त्या दिवशी केबिनमध्ये तू एवढंच म्हणायला हवं होतं की याचा कान तपासून घ्या. तू ते बोलला नाहीस. माझं घर अर्धं बांधून झालं होतं आणि पोरगा शिकत होता, हे तुला ठाऊक होतं. पण तुझ्याही घरात आजारपण होतं की रे! खरं सांगतो, हे कळल्यावर पहिले दोन दिवस मला तुझा रागच आला. म्हटलं, मला आयुष्यभर मिंधा करून ठेवण्याचा याचा डाव असणार. तिसऱ्या दिवशी तो विचार आपोआप गळून पडला आणि मी त्या औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून रडलो. लोक बघत होते. नाटक करतोय असं कुणाला वाटलं असेल तर वाटो. कंपनीच्या पत्त्यावर साहेबांना सगळं लेखी कळवलं आहे, दोन्ही दवाखान्यांच्या कागदांच्या नकला जोडून. काल टपालात टाकलं. ते वाचून ते काय करतील, काही करतील की नाही, मला सांगता येत नाही. झालेली नऊ वर्षं तर कुणीच परत देऊ शकत नाही. तू चौकीदाराच्या खुर्चीत काढलेली वर्षं, सूनबाईने सांगितली मला. माफी मागतो गड्या. कशी मागायची ते मला नीट येत नाही, आयुष्यात सरावच नाही.

एवढंच असतं तर मी पत्र न लिहिता लाजेने आणखी वर्षभर घरात बसलो असतो. पण गेल्या सोमवारी वहिनी सूनबाईच्या दुकानात औषधं घ्यायला आल्या होत्या. सूनबाईने माझं नातं सांगितलं, तर त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांवर माझा काही राग नाही गं. माझ्याच दुखण्यापायी यांची नोकरी गेली. माझ्यामुळेच यांचं लक्ष उडालं होतं." सूनबाईने घरी येऊन हे सांगितलं आणि मी जेवणावरून उठलो. नऊ वर्षं त्या हे स्वतःच्या माथी घेऊन जगतायत. आमच्या दारात येऊन न बोलता हात जोडून गेल्या त्या यामुळेच, हे मला आत्ता कळतंय. तू माझं झाकायला गप्प बसलास, पण त्यात त्या सापडल्या, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुलाही बोल लावणार. म्हणून आता ऊठ, त्या घरात असतील तिथे जा, आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून त्यांना मोठ्याने वाचून दाखव. माझी लाज राखायला एकही ओळ गाळू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे. आणि इथे आलास की जरा थांब, कारण ही पुढची ओळ तुझी नाही. वहिनी, तुमच्या दुखण्याने काही झालं नव्हतं. हा बरोबर ऐकत होता. मला ऐकू येत नव्हतं.

तुझाच,
टेबलापलीकडचा